पाचांतली एक

केप्याबाहेरच्या पडीक चिरेखाणीत
रविवारी सात ते दहा आम्हांला परवानगी आहे.
नंतर ऊन चिऱ्यांवर चढतं,
हवा उकळत्या पेजेसारखी हलते
आणि पन्नास मीटरवरचा काळा ठिपका
जागच्या जागी पोहू लागतो.

मी वजन-माप खात्यात निरीक्षक.
सोळा वर्षं बाजारातल्या तागड्या तपासते,
पारड्याखाली चिकटवलेली चिंच
नखाने खरवडून काढते.
मला वाटलं होतं, ही बावीसची रायफल
माझ्या हाती महिन्याभरात खरं बोलू लागेल.

दर वेळी तेच.
चार भोकं एकमेकांत शिरलेली,
जुन्या तांग्याच्या नाण्याखाली झाकतील एवढी,
आणि एक पाचवं
वर, डावीकडे, बोटभर दूर,
पंगतीला उशिरा आलेल्या पाहुण्यासारखं.

काडतुसं तोलली, सोनाराच्या काट्यावर.
खात्याचा काटा घरी नेणं गुन्हा आहे
आणि तो गुन्हा मीच लिहून घेते.
पिन काडतुसाच्या कडेवर आपटते,
म्हणून कडेची जाडी मोजली एकेकीची,
तीनशे काडतुसं, तीन रात्री.
गुणो च्यारीने दस्ता उतरवला,
पावसात लाकूड फुगून नळीला टेकत होतं
तिथे केसभर तासलं.
म्हणाला, लाकडाला समुद्र कळतो बाय,
केप्यात बसूनसुद्धा.
स्क्रू आवळले, मोजून, दोन्ही सारखे.
नळी घासून लख्ख केली, तर आणखीच बिघडलं:
स्वच्छ नळीला वीसेक गोळ्या लागतात
पुन्हा मेण चढून शहाणी व्हायला.
इनास चिडला. आता नाताळापर्यंत
तिच्या पोटात काही घालू नकोस.

पाचवं भोकं मात्र तिथेच.

मग मी खात्यासारखा विचार केला.
पाच कागद लावले शेजारी-शेजारी.
प्रत्येक मॅगझिनची पहिली गोळी पहिल्या कागदावर,
दुसरी दुसऱ्यावर, तशीच पाचवीपर्यंत.
आठ मॅगझिन. चाळीस गोळ्या.
कागद उतरवून मांडले गाडीच्या टपावर.

उशिरा आलेली नव्हतीच ती.
सर्वांत आधी आलेली होती.
आणि आठही पहिल्या
एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, नीट, शहाण्यासारख्या,
फक्त दुसऱ्या गावात.

पुढच्या चार गोळ्या रायफल स्वतः ओढून घेते,
बोल्ट मागे जातो, पुढे आदळतो, झालं.
पहिली तेवढी माझ्या हाताची.

इनास माझ्या मागे उभा राहिला.
निशाण्याकडे नाही, माझ्या बोटांकडे बघत.
मी बोल्ट मागे ओढला
आणि हळूच, धरून धरून, पुढे नेला,
आवाज होऊ नये म्हणून.
"कोण न्हिदला हांगा?" त्याने विचारलं.

कोणी नाही.
अकरा वर्षं घरात आजारी माणूस होता.
कडी, कपाट, कुकरचं झाकण,
सगळं मी असंच मिटत आले.
माणूस गेला तीन वर्षांपूर्वी. हात राहिले.
काडतूस खोबणीत पुरतं बसत नव्हतं,
एवढंच.

"सोड गो तिका," इनास म्हणाला.

सोडला.
खटकन आदळला बोल्ट, खाणीने तो आवाज
एकदा परत दिला.
पाण्यावरचा खंड्या उडाला, शिव्या देत.
मी गाल दस्त्याला लावला. श्वास अर्धा.
ट्रिगर मोडेपर्यंत दाबला, आणि नंतरही
बोट तिथेच ठेवलं, गोळी गेली तरी.
मग चार.

पाचही तांग्याखाली.
नाही, खरं सांगते,
एका भोकाची कड बाहेर दिसत होती.
अर्धा मिलिमीटर.
वहीत तसंच लिहिलं.
खाली सही, तारीख, केपे.